गावंडे महाराजांची सुपारी

मधुकरराव गावंडे यांनी बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एकच थाप मारली, असं त्यांच्या पत्नी कौसल्याबाई सांगतात. मधुकररावांना ते मान्य नाही. त्यांच्या मते ती थाप नव्हती, 'तात्पुरत्या स्वरूपाची व्यवस्था' होती. (चौदा वर्षं एकाच ऑफिसात काढली की माणूस घरीसुद्धा अर्जाच्या भाषेत बोलतो.) ते काही असो. थाप म्हणा की व्यवस्था, ती मारली गेली सोमवारी संध्याकाळी कामठी-नागपूर बसमध्ये, आणि गुरुवारी दुपारपर्यंत ती त्यांना चारशे माणसांपुढे निस्तरावी लागणार होती.

आधी मधुकररावांचा धंदा सांगतो, म्हणजे दोष कोणाचा ते तुम्हालाच ठरवता येईल. कामठी रोडवर चिनीमातीच्या बरण्यांचा एक कारखाना होता. त्या कारखान्यात माणसं भरती करायचं काम मधुकररावांकडे. दारावर 'भरती विभाग' अशी पाटी होती. विभाग म्हणजे एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि मधुकरराव. वर्षाकाठी जागा निघायच्या सहा-सात आणि अर्ज यायचे हजार-बाराशे. सहा-सात माणसं घ्यायला काय लागतं? उरलेल्या हजारांना घरी पाठवायचं, त्याचाच खरा पगार कारखाना मधुकररावांना देत असे.

बरं, अर्ज टेबलावर आले असते तर त्यांची काही तक्रार नव्हती. अर्ज सगळीकडे यायचे. दूध केंद्राच्या रांगेत यायचे, भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली निघायचे. प्रतापनगरातल्या त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याने एकदा वस्तरा गळ्यापाशी आणून हात थांबवला आणि विचारलं, "सायब, माह्या भाच्याचं काय झालं?" अशा प्रसंगी 'विचार चालू आहे' याखेरीज दुसरं उत्तर कोणता शहाणा माणूस देईल? चुलत सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत खांदा देताना मागच्या खांदेकऱ्याने त्यांच्या खिशात अर्ज सरकवला होता. सोबत मॅट्रिकच्या गुणपत्रिकेची साक्षांकित नक्कलही होती. कौसल्याबाईंच्या माहेरकडचे, म्हणजे काटोलकडचे, तरुण तर आठ-आठ दिवस मुक्कामालाच यायचे. मुलाखत पाच मिनिटांची, पोळ्या आठ दिवसांच्या.

या सगळ्यांवर मधुकररावांनी एक उपाय शोधला होता. ते कोणालाही 'नाही' म्हणत नसत. 'नाही' म्हटलं की माणूस समोरच्या खुर्चीवर आणखी दोन तास बसतो, रडतो, आईचं आजारपण सांगतो. त्यापेक्षा ते तीन वाक्यं बोलत. "नाव-पत्ता लिहून द्या. बघू. होऊन जाईल, कळवतो." माणूस खुशीत उठून जायचा. चिठ्ठी मधुकररावांच्या खिशात जायची आणि तिथून शनिवारी कौसल्याबाईंच्या चुलीत. कोणाचं काही बिघडत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आणि प्रामाणिक ते होतेच बरं का. चौदा वर्षांत कोणाकडून संत्र्याची एक फोड घेतली नाही. घेतली तर सुपारी. सुपारीला लाच म्हणत नाहीत, असं एक परिपत्रक त्यांनी स्वतःपुरतं काढलं होतं.

तर तो सोमवार. मे महिना, पत्र्यावर पापड भाजून निघेल असं ऊन. गेटवरच्या वॉचमनच्या एका जागेसाठी त्रेचाळीस उमेदवार दिवसभर बोलले होते. त्यातला एक पैलवान तर 'घेतलं नाही तर इथेच बसतो' म्हणून खरोखरच बसला होता आणि त्याला उठवायला नेमका वॉचमनच नव्हता. डब्यातलं वरण सांडून शर्टावर पिवळा नकाशा उमटला होता. त्यात घरून हुकूम होता की कामठीच्या बाजारातून महिला मंडळासाठी बुंदीचा मोठा झारा आणावा. तो हातभर लांब दांड्याचा झारा घेऊन मधुकरराव बसमध्ये खिडकीशी बसले आणि डोळे मिटले.

"काय काम करता जी?" शेजारून आवाज आला.

मधुकररावांनी एक डोळा उघडला. शेजारी पांढरा फेटा बांधलेले, साठीचे, घामाने निथळलेले एक गृहस्थ होते. प्रश्न साधा होता, पण मधुकररावांना त्याच्या मागचे पुढचे दहा प्रश्न पाठ होते. मी भरतीत आहे म्हणायचं, की गृहस्थांना लगेच एक मुलगा होणार, तो मॅट्रिक होणार आणि कामठी नाक्यापर्यंत बेकार होणार. त्यांनी हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा मोकळेपणाने म्हणाले, "आचारी आहे."

आचाऱ्याकडे कोण नोकरी मागतो?

त्या गृहस्थांनी नोकरी मागितली नाही. त्यांनी मधुकररावांचे दोन्ही हात झाऱ्यासकट धरले. "महाराज! अवो महाराज! देवच भेटला मले!"

त्यांचं नाव चंपतराव ठवकर. राहणार सावनेर. त्यांच्या वच्छलेचं लग्न येत्या गुरुवारी होतं, तेही नागपुरात, कारण नवरदेवाकडचे नागपूरचे आणि त्यांना उन्हात सावनेरपर्यंत यायचा कंटाळा. सक्करदऱ्याकडची एक शाळा सुटीत मिळाली होती. मांडव झाला, पत्रिका गेल्या, आणि काल ठरलेला आचारी सायकलवरून पडून हात मोडून बसला. चंपतराव आज सकाळपासून अख्खं कामठी पालथं घालून परत चालले होते. लग्नाची मोठी तीथ, एकही आचारी रिकामा नाही.

"बुंदी येते ना महाराज?"

मधुकररावांना ऑफिसात सगळे साहेब म्हणत. महाराज कोणी म्हटलं नव्हतं. ते त्यांना जरा बरं वाटलं. "बुंदीचं काय विचारता," ते म्हणाले. "झारा पाहताय ना?"

"अन् वांग्याची भाजी?"

"ती तर डोळे मिटून."

"मंग येता काय जी गुरुवारी? चारशे पान हाय. पोरीच्या लग्नात पंगत उपाशी उठली, तं मी तोंड कुठी दाखवू?"

इथे माणसाने 'नाही' म्हणायचं असतं. दोनच अक्षरं. पण चौदा वर्षांत ती दोन अक्षरं मधुकररावांच्या जिभेवरून साफ उतरली होती. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "नाव-पत्ता लिहून द्या. बघू. होऊन जाईल."

बरण्यांच्या कारखान्यात 'होऊन जाईल' म्हणजे होणार नाही, हे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. सावनेरला 'होऊन जाईल' म्हणजे होऊन जातं. चंपतरावांचा चेहरा असा उजळला की बसचा कंडक्टरही वळून पाहू लागला. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, धोतराच्या सोग्यातून एक हळद लागलेली अख्खी सुपारी काढली आणि मधुकररावांच्या हातावर ठेवून नमस्कार केला. मधुकररावांनी आपलं परिपत्रक आठवलं, सुपारी खिशात टाकली आणि घरी जाऊन अडकित्त्याने कातरू असा विचार करून पुन्हा डोळे मिटले. (स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभं राहण्याखेरीज त्यांनी दुसरं कुठलंही काम केलं नव्हतं, हे इथे सांगून ठेवतो. वाजंत्री, आचारी, मांडववाला कसा ठरवतात, ते सगळं त्यांच्या वडलांना ठाऊक.)

बुधवारी सकाळी कौसल्याबाई धुवायला घेतलेला तो पिवळा शर्ट काखेत मारून मोरीतून बाहेर आल्या. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात सुपारी.

"अवो, हे कोनाची सुपारी घेतली तुमी?"

मधुकररावांनी पेपर खाली ठेवला आणि बसमधली सगळी हकीकत रंगवून सांगितली. महाराज काय, बुंदी काय, डोळे मिटून भाजी काय. मधेमधे स्वतःच हसत होते. कौसल्याबाई हसल्या नाहीत.

"पोरीचं लगन हाय अन् तुमी हासून राह्यले?"

"अगं, मी हो कुठे म्हटलं? बघू म्हटलं."

"अन् सुपारी? हळदीची सुपारी घेतली म्हंजे मानूस बांधल्या गेला. आता तो दुसरा आचारी कायले शोधन? दोन दिवस तो निवांत झोपला असन. तुमी सुपारी घेतली नसती, तं त्यानं कालचा दिवस फिरून कोनी ना कोनी आनला असता."

मधुकरराव उठून उभे राहिले. या अंगाने त्यांनी विचारच केला नव्हता. "मग आत्ता जातो आणि सांगतो, की मी आचारी नाही."

"आज सांगान? उद्या लगन, अन् आज सांगान? त्यापेक्षा दगड नेऊन घाला त्याच्या डोक्यात." कौसल्याबाईंनी शर्ट मोरीतल्या बादलीत आपटला. "चौदा वर्सं लोकायले नोकरीवर लावून राह्यले ना? लावा आता एक आचारी. संध्याकाळपर्यंत."

मधुकररावांनी कारखान्यात 'तापामुळे येऊ शकत नाही' अशी चिठ्ठी पाठवली (ही दुसरी थाप, पण ती कौसल्याबाई मोजत नाहीत) आणि सायकल काढली. दुपारी दोनपर्यंत त्यांनी आठ आचाऱ्यांची घरं पाहिली. पाच कुलपात. दोन लग्नाला गेलेले. आठव्याच्या बायकोने सांगितलं, "ते तं मागच्या वर्सीच वारले जी," आणि त्यांना पाणी दिलं. शेवटी गोळीबार चौकामागच्या एका गल्लीत देवराव आचारी सापडले. बाजेवर बसून पळीएवढ्या अडकित्त्याने सुपारी कातरत होते. दारात मागे एक धिप्पाड बाई मिरच्यांची देठं खुडत होती. ती त्यांची बायको, प्रयागबाई.

"बसा," देवराव म्हणाले. बसायला काही नव्हतं. मधुकरराव उभेच राहिले.

"किती पान?"

"चारशे."

"पानी बोरिंगचं का नळाचं?"

"विचारून सांगतो."

"विचारून?" देवरावांनी भुवई उचलली. "वाढपी किती?"

"ते... पाहावं लागेल."

"याच्या आंधी कोनतं लगन केलं तुमी?"

"केलं नाही. म्हणजे, स्वतःचं."

"अनुभव नाही," देवराव प्रयागबाईंकडे वळून म्हणाले, आणि प्रयागबाईंनी मान हलवली. "पयला आचारी काहून सोडून गेला?"

मधुकरराव अडखळले. 'आधीची नोकरी का सोडली?' हा प्रश्न ते स्वतः दिवसातून वीस वेळा विचारत आणि उत्तर देताना माणसं का अडखळतात याचं त्यांना नेहमी नवल वाटे. "हात मोडला त्याचा," ते म्हणाले.

"असं सगळेच म्हनतात." देवरावांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. "वळखीचं कोनी हाय?"

"नाही."

"बरं. नाव-पत्ता लिहून ठेवा. पाहू. होऊन जाईन. कळवतो."

मधुकररावांनी आपलं वाक्य ओळखलं. या वाक्याचा अर्थ सबंध नागपूर जिल्ह्यात त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? हजारो माणसांना हे वाक्य देऊन त्यांनी घरी पाठवलं होतं, आणि ती माणसं खुशीत गेली असं त्यांना वाटत आलं होतं. आता तेच वाक्य स्वतःच्या पदरात पडलं, तेव्हा त्यांना कळलं की खुशीत कोणीच गेलं नसणार. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून चारशे पानं होत नाहीत. मग त्यांनी उमेदवारांचे सगळे प्रकार एकामागून एक करून पाहिले. हात जोडले. आईचं आजारपण सांगितलं (आई दारव्ह्याला ठणठणीत होती). "घेतलं नाही तर इथेच बसतो," म्हणून सोमवारच्या पैलवानासारखे उंबऱ्यावर बसलेसुद्धा.

देवराव वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. "थांबा, थांबा. तुमी बरन्यांच्या कारखान्यातले गावंडे सायब ना?"

मधुकररावांनी कबूल केलं.

"माहा जावई तुमच्याकडं दोनदा आला होता. तुमी 'होऊन जाईल, कळवतो' म्हनलं. दोन वर्सं झाले. रोज पोस्टमन आला की दाराशी जाऊन उभा राह्यते. दुसरं काम धरत नाही. म्हनते, सायब कळवनार हाय." देवरावांचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "काय झालं जी त्याचं?"

प्रयागबाईंनी मिरच्या बाजूला सरकवल्या.

इथे मधुकररावांना फार सोपं होतं. 'उद्या या, लावून देतो' म्हणायचं आणि आचारी घेऊन जायचं. त्यांनी तोंड उघडलंही. पण प्रामाणिकपणा मधेच आडवा आला, आणि चौदा वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडून ती दोन अक्षरं बाहेर पडली.

"नाही," ते म्हणाले. "त्याचं होणार नाही. तेव्हाच होणार नव्हतं. जागाच नव्हती. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. त्याला दुसरं काम धरायला सांगा."

मग प्रयागबाई पदर झटकून उठल्या. "दोन वर्सात एक तरी खरी गोष्ट सांगतली यानं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मले उद्या तिकडं महाल भागात लगन हाय," देवराव म्हणाले. "मी येऊ शकत नाही. हेच खरं सांगतो."

"तुमी जा महालात. मी जातो याच्यासंगं," प्रयागबाई म्हणाल्या. (बायका 'जातो' म्हणतात आमच्याकडे, त्यात नवल नाही.) "भाजी तं घरात मीच करतो, नाव तुमचं होते."

अडचण एकच होती. चंपतरावांनी सुपारी महाराजांना दिली होती, बाईला नव्हे. हात मोडलेल्या आचाऱ्याच्या जागी अनोळखी बाई पाहून वरपक्षाने कुरकुर केली तर? तेव्हा ठरलं असं की मधुकररावांनी पुढे उभं राहून महाराज दिसायचं, आणि प्रयागबाईंनी मागे बसून महाराज असायचं.

गुरुवारी उजाडता उजाडता शाळेच्या मागच्या पटांगणात चुलाणं पेटली. मधुकरराव बनियनवर, डोक्याला पंचा, हातात झारा. चंपतरावांनी दुरूनच हात जोडले, "महाराज आले!" म्हणून मांडवात ओरडले आणि पोरीच्या आईला सांगायला धावत गेले. वच्छलेची आई पदराने डोळे पुसताना दिसली. मधुकररावांनी डोक्याचा पंचा आणखी घट्ट बांधला. एवढ्या विश्वासाने त्यांच्याकडे आजवर अर्जदारांनीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"उभे काय राह्यले जी? कांदा चिरा," मागून प्रयागबाई.

त्यांनी कांदा चिरला. तिसऱ्या कांद्याबरोबर बोट चिरलं. पाचव्या कांद्याला डोळ्यांतून अशा धारा लागल्या की मांडवातल्या एका म्हातारीने विचारलं, "महाराज मुलीकडचे हायेत काय वं?" मग त्यांना बुंदीवर बसवलं. झारा कढईवर धरायचा, दुसऱ्या हाताने पीठ सोडायचं आणि दांडा ठोकायचा. त्यांनी ठोकला.

"हे बुंदी हाय का बोरं हायेत?" प्रयागबाईंनी कढईत डोकावून विचारलं. "सरका." त्यांनी झारा हिसकून घेतला, दोनदा टकटक केलं आणि मोत्यांसारखी बुंदी तरंगू लागली. बोरं त्यांनी भुगा करून पाकात दडवली. शेवटी मधुकररावांना एकच काम उरलं. वांग्याच्या भाजीच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, लांब दांड्याचा सराटा फिरवत राहायचं. ऊन वाढत गेलं, धूर डोळ्यांत, काजळी तोंडावर, आणि सराटा एका लयीत फिरतोय. मधेच त्यांचे डोळे खरोखरच मिटले. 'डोळे मिटून भाजी' हे त्यांचं एकच वचन त्या दिवशी अक्षरशः खरं ठरलं. प्रयागबाईंनी पळीने खांद्यावर टोला दिला तेव्हा ते जागे झाले.

बारा वाजता वरात आली, लग्न लागलं. पंगत बसली. पत्रावळींवर वरणभात, पुरी, बुंदी, आणि ती लाल तर्रीची वांग्याची भाजी. मधुकरराव गंजाआडून पाहत होते. वरपक्षाच्या रांगेने पहिला घास घेतला. चंपतराव हात जोडून रांगेच्या टोकाला उभे, त्यांच्या फेट्याचं शेपूट थरथरत होतं. मग वराच्या मामाने पत्रावळ पुढे केली. "भाजी वाढा. इकडे भाजी!" आणि सगळीकडून एकच गलका उठला, भाजी, भाजी. चंपतराव तिथेच एका खुर्चीवर बसले आणि पोरासारखे हसू लागले.

मधुकररावांनाही हसू आलं. ते हसू ओठांवर असतानाच त्यांना वरपक्षाच्या रांगेत एक ओळखीचं टक्कल दिसलं. त्यांच्या कारखान्याचे मॅनेजर साहेब. नवरदेवाचे वडील त्यांचे जुने शेजारी निघाले. साहेबांची तिसऱ्यांदा भाजी मागून झाली होती.

मधुकरराव गंजामागे बसले. पण आनंदाने वेडे झालेले चंपतराव साहेबांना हाताला धरून थेट चुलाणापाशी घेऊन आले. "हे पाहा जी आमचे महाराज! बसमध्ये देवासारखे भेटले!"

महाराज उभे राहिले. अंगावर बनियन, तोंडाला काजळी, आणि कालपासून तापामुळे गैरहजर. साहेबांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "महाराज, भाजी फर्स्ट क्लास," ते म्हणाले, आणि मठ्ठ्याकडे वळले.

शुक्रवारी मधुकरराव ऑफिसात गेले ते राजीनाम्याचा मसुदा मनात घेऊनच. अकरा वाजता बोलावणं आलं. साहेब फाइलीत डोकं घालून बसले होते. चौदा वर्षांत ते मधुकररावांशी फाइलीकडे बघूनच बोलत आले होते.

"गावंडे, कँटीनचा आचारी पळाला. नवीन भरती करा. काल मी एका लग्नात गेलो होतो. काय भाजी होती! तो महाराज शोधून आणा. सावनेरच्या ठवकरांना विचारा." साहेबांनी पान उलटलं. "दिसायला थोडासा तुमच्यासारखाच आहे. पण कामाचा माणूस वाटला."

मधुकरराव खाली मान घालून बाहेर आले. घरी कौसल्याबाईंना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "ज्याची भाजी, त्याले नोकरी द्या ना." दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी साहेबांपुढे रीतसर टिपण ठेवलं. चौकशी केली असता असं समजतं की ती भाजी सदर महाराजाने केलेली नसून चुलाणामागे बसलेल्या प्रयागबाईंनी केली होती. तरी त्यांना मुलाखतीस बोलवावं.

प्रयागबाई मुलाखतीला आल्या. साहेब मधे, बाजूला वही-पेन घेऊन मधुकरराव. प्रयागबाईंनी एकदा मधुकररावांकडे पाहिलं, मधुकररावांनी पंख्याकडे पाहिलं. बाई शहाणी होती, काही बोलली नाही. चार प्रश्नांत साहेबांचं समाधान झालं. नोकरी पक्की.

"बाई, एक विचारतो," साहेब म्हणाले. "त्या दिवशी तुमच्यापुढे एक महाराज उभे होते. त्यांनाही मदतनीस म्हणून घ्यावं का? एक जागा आहे."

प्रयागबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला. कोणाला उगाच 'बघू' म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"नाही सायब. मानूस मनाचा चांगला हाय, खोटं कायले बोलू. पन कामाचा नोय. कांदा चिराले द्या, बोट चिरते. बुंदी पाडाले द्या, बोरं पाडते. निसती भाजी हालवाले बसवला होता, तं तिथं झोपला. पोरीच्या लग्नापायी मी दया म्हनून ठेवला होता. कारखान्यात ठेवान तं पस्तावान."

"असं का?" साहेब पहिल्यांदाच फाइलीवरून मान वर करून मधुकररावांकडे वळले. "गावंडे, हे लिहून ठेवा. उद्या तो अर्ज घेऊन दारात आला, तर आपण फसायला नको."

मधुकररावांनी पेन उघडलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर इसम कामचुकार असून त्यास या कारखान्यात कोणत्याही जागेवर घेऊ नये.' मग भरती विभागाच्या वतीने खाली स्वतःची सही केली.